दृश्यकविता कशी करायची? बेळगावात मिळणाऱ्या सामानातनं

आपल्याकडं कविता लिहिणाऱ्यांची काही कमी नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी, थंडी पडली की गावोगावी मराठी साहित्य संमेलनं सुरू होतात आणि कविसंमेलनाच्या यादीत नावं मावत नाहीत. त्यातलं कोण ना कोण कधीतरी विचारतंच, की ते अक्षरांचं चित्रासारखं करतात ते कसं करायचं, ड्रॉइंग यायला लागतं का. नाही लागत. कात्री नीट चालवता यायला पाहिजे आणि स्वतःच्या ओळी खोडायची तयारी पाहिजे, आणि ह्यातलं दुसरं जास्त अवघड आहे हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कवितेच्या मागं छान टेक्श्चर टाकलं, कोपऱ्यात चाफ्याची फांदी काढली, झाली दृश्यकविता, असं नसतंय. ती सजवलेली कविता, सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर येते तसली. दृश्यकवितेत कागद, भोक, धागा, डाग, अक्षराची जागा ह्या सगळ्यांनी शब्दाचं काम करायचं असतं. तपासायची रीत सोपी आहे, तुमची कविता साधी टाईप करून मित्राला पाठवा, त्याला सगळंच कळलं आणि काहीच हरवलं नाही तर तुमचं ते चिकटवणं-रंगवणं फुकट गेलं. आणि हेच उलट्या बाजूनं पण लागू, वस्तू जे सांगतीय ते शब्दानं परत सांगायचं नाही.

हे कुठनं आलं, थोडक्यात

हे परदेशी फॅड आहे असं कुणी म्हटलं तर त्याला संस्कृतातले चित्रबंध दाखवा. पद्मबंध, खड्गबंध, गोमूत्रिका, सर्वतोभद्र, म्हणजे कमळाच्या पाकळ्यांत नाहीतर तलवारीच्या आकारात श्लोक बसवायचा, किंवा चौकटीत असा बसवायचा की उभा वाचा, आडवा वाचा, तेच येतंय. भारवीच्या किरातार्जुनीयाचा १५वा सर्ग आणि माघाच्या शिशुपालवधाचा १९वा सर्ग ह्या कसरतींसाठीच प्रसिद्ध आहेत. काव्यशास्त्र लिहिणाऱ्या मम्मटानं मात्र चित्रकाव्याला खालचा दर्जा दिला, आणि खरं सांगायचं तर तलवारीच्या आकारातला श्लोक बघून मला पण कसरतीचंच कौतुक जास्त वाटतं. फ्रान्समध्ये कवी अपोलिनेरच्या आकारातल्या कविता १९१८ ला पुस्तकरूपात आल्या. जर्मनीत कुर्ट श्विटर्स १९१९ च्या आसपास तिकिटं, वेष्टनं, जाहिरातींचे तुकडे चिकटवून चित्रं करत होता आणि कविता पण करत होता, मिश्र माध्यमवाल्यांचा तो आजोबाच म्हणा. १९५२ ला ब्राझीलमध्ये साव पावलोच्या तीन कवींनी नॉइगांद्रेस नावाचा गट काढला आणि शब्दाची पानावरची जागा हाच कवितेचा ऐवज धरला. आणि मराठीत र. कृ. जोशी. तुमच्या विंडोजवरचा मंगल फॉन्ट ज्यांचा, तेच, अक्षरकार आणि कवी दोन्ही, त्यांचं काम मिळेल तिथं बघा. अरुण कोलटकर पण पोटापाण्याला जाहिरातीतले ग्राफिक डिझायनर होते. एवढं पुरे, आता कामाला लागू.

पायरी १: कविता कापा

पहिल्या खेपेला नवीन लिहू नका, वहीतली जुनी घ्या. समजा वडगाव-शहापूरकडच्या कुणाच्या तरी वहीत अशी कविता आहे (उदाहरणासाठी मीच लिहिलीय, त्यामुळं बिनधास्त कापू):

मागाची खटखट थांबली
सारी गल्ली सुनी झाली
धोटा थकून निजला कोपऱ्यात
आजीच्या कानात मात्र
माग अजून चालूच

वाईट नाही, संमेलनात टाळ्या घेईल. पण दृश्यकवितेला एवढे शब्द परवडत नाहीत. 'सारी गल्ली सुनी झाली' हे रिकाम्या जागेनं दाखवता येतंय, काढा. धोट्याला (मागावर आडवा धागा इकडनं तिकडं नेतो तो) थकवून निजवायची काही गरज नाही, काढा. उरलं काय, तर खटखट, थांबली, आजीच्या कानात. पाच ते बारा शब्दांच्या आत येईपर्यंत कापत राहायचं, आणि कापलेलं फेकायचं नाही, वेगळ्या कागदावर लिहून ठेवायचं, कारण तीच तुमची कामाची यादी आहे. शब्द गेला की त्याचं काम आता कुठल्यातरी वस्तूला करायला लागणार.

पायरी २: सामान गोळा करा, पण विचारून

महागडं आर्ट मटेरियल आणायला पुण्या-मुंबईला पळू नका. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कापून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या पडलेल्या असतात, गोड बोललं तर पिशवीभर देतात. एखाद्या जुन्या प्रेसमध्ये ट्रेडल मशीन (पायानं चालवायचं छपाईयंत्र) आणि शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, अजून शिल्लक असतील तर लॉटरीच लागली समजा, पण खिळे हाताळून झाले की हात साबणानं धुवा, शिसं आहे ते, आणि पोरांच्या हातात देऊ नका. निपाणीकडं बिडीचं पान मिळतं, वाळलं की तपकिरी, शिरा उठून दिसतात, पण ठिसूळ होतंय. खानापूरकडं कुंभारकामाची माती. घराच्या मागं जांभ्या दगडाचा चुरा असेल तर तो बारीक चाळून गोंदात मिसळला की असला तांबडा रंग मिळतो की ट्यूबमधला त्याच्यापुढं फिका.

आणि विणकरांच्या भागात, वडगाव, खासबाग, शहापूर, जुने जॅकार्डचे पुठ्ठे. हे जरा नीट सांगतो कारण आपलं उदाहरण ह्याच्यावरच आहे. जॅकार्ड लावलेल्या मागावर नक्षी ठरवतात ते हे भोकं पाडलेले पुठ्ठे, दोरीनं एकाला एक बांधून त्यांची लांब माळ केलेली असते. धोट्याच्या एका फेरीला एक पुठ्ठा, जिथं भोक आहे तिथला उभा धागा उचलला जातो, भोक नाही तिथला खालीच राहतो, की पुढचा पुठ्ठा. म्हणजे पुठ्ठा हातात धरला तर साडीच्या काठातली एक आडवी ओळ तुम्ही हातात धरलेली असते, फक्त ती वाचता येत नाही. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आला, नाहीतर डिझाईनची चलती संपली, की ह्या माळा पोटमाळ्यावर नाहीतर भंगारात जातात. मागायला जाल तेव्हा सरळ विचारा, काका हे वापरातलं आहे का टाकायचं आहे. वापरातल्या माळेतला एक पुठ्ठा जरी काढला तरी त्यांची नक्षी चुकणार, त्यामुळं दिसलं म्हणून उचललं असं करू नका.

घरातले जुने कागद, मोडीतली खतं, उतारे, पत्रं, ह्यांना कात्री लावायची नाही म्हणजे नाही. स्कॅन करा, झेरॉक्स काढा, ती कापा. त्यात लोकांची नावं, सर्व्हे नंबर असतात, तेवढा भाग झाका, उगाच भावकीत भांडण नको.

पायरी ३: अक्षराशी ओळख

देवनागरीत सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे शिरोरेषा. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, आपली लोंबतात. ही रेषा ताणता येते, तोडता येते, धाग्यानं शिवता येते, तिला वाकवली तर सगळी अक्षरं एका बाजूला कलंडतात. मोडी लिहिताना तर आधी पानभर रेघ मारून घ्यायचे आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचे, हात फार न उचलता. एकदा करून बघा, पानभर फक्त रेघा मारा आणि मधेच कुठंतरी एकच शब्द लटकवा, बाकीच्या रिकाम्या रेघा कशा बोलायला लागतात बघा.

कानडी अक्षर आपल्या डोळ्यासमोर रोजच असतंय, दुकानाच्या पाटीवर, बसवर, आणि त्याचं वळण वेगळं, गोल, वर सलग रेघ नाही, एकेका अक्षराच्या डोक्यावर छोटा तलकट्टू. दोन्ही लिप्या एका पानावर आणायचा मोह इथल्या प्रत्येकाला होतोच. आणा की, कोण नको म्हणतंय, पण कानडी वाचता येणाऱ्याकडनं तपासून घ्या, नुसतं गोल छान दिसतंय म्हणून अर्धवट अक्षर चिकटवलं तर शेजारचा हसंल. आणि अजून एक, माझं मत म्हणून घ्या. 'सीमा' हा शब्द काटेरी तारेत गुंडाळायचा, नाहीतर दोन भाषांच्या मधून फाटलेला कागद, हे पहिल्या काही कामांत तरी करू नका. तो विषय खोटा आहे असं अजिबात नाही, पण ती प्रतिमा इतकी वापरून झालीय की बघणारा बघायच्या आधीच मान हलवून पुढं जातो.

पायरी ४: न चिकटवता मांडणी

इथं घाई करणारे लोकच जास्त. तुमचे उरलेले शब्द दोन-तीन मापांत झेरॉक्स करून घ्या, कापा, आणि कोऱ्या कागदावर नुसते ठेवा. सरकवा, उलटे करा, मोबाईलवर फोटो काढा, परत सरकवा. गोंदाची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी फोटो बघून ठरवायचं.

आपल्या उदाहरणात चार पुठ्ठे एकाखाली एक घेऊ. पहिल्या दोन पुठ्ठ्यांवर भोकांच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात खट खट खट खट, ओळ भरून. भोकांमुळं अक्षरं एकसारख्या अंतरावर बसत नाहीत, तर बसू देत, माग जुना झाला की ठेका अडखळतोच. तिसऱ्या पुठ्ठ्यावर काहीच नाही, नुसती भोकं. म्हणजे 'थांबली' हा शब्द आता लागतच नाही, काढा तो. राहिली आजी. चौथ्या पुठ्ठ्यावर परत खट खट, पण शाईशिवाय, नुसती उठावाची अक्षरं, जी समोरनं दिसत नाहीत, बाजूनं उजेड पडला की दिसतात. आणि 'आजीच्या कानात' कुठं? ते शीर्षक. चित्राच्या आत ते लिहिलं असतं तर उलगडून सांगितल्यासारखं झालं असतं, शीर्षकात ठेवलं की माणूस चित्राशेजारची नावाची पट्टी वाचतो, परत वर बघतो, आणि वाकून चौथा पुठ्ठा शोधतो. तो वाकला पाहिजे, तेवढ्यासाठीच सगळा खटाटोप.

पायरी ५: अक्षर वस्तूवर न्यायचं कसं

रीती बऱ्याच आहेत, मी चारच सांगतो.

झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट. टोनर, म्हणजे ह्या मशीनची पूड-शाई, पाण्यानं फुटत नाही, इंकजेटची शाई फुटते, त्यामुळं घरच्या इंकजेटवर काढून वरनं गोंद फिरवला की सगळा चिखल. झेरॉक्सवाल्याला लेझर आहे का आधी विचारा. टोनर थेट उतरवायचा असेल तर प्रिंट मिरर, म्हणजे आरशातली, काढायला सांगा, पृष्ठभागावर ॲक्रिलिक जेल मीडियम लावा, प्रिंट पालथी दाबा, रात्रभर वाळू द्या, मग ओल्या बोटानं वरचा कागद चोळून चोळून काढा. टोनर खाली राहतो, थोडा तुटका. तो तुटकेपणा कवितेला हवा असेल तरच ही रीत वापरा.

स्टेन्सिल. देवनागरीत बंद पोटाची अक्षरं बरीच, व, ब, ष, आणि शिरोरेषेमुळं प, म सुद्धा बंद होतात. पोट कापलं की आतला तुकडा गळून पडतो, म्हणून बारीक पूल ठेवायला लागतात. पूल कुठं ठेवला ह्यावर अक्षराचा चेहरा बदलतो, दोन-तीन जागी ठेवून बघा.

बिनशाईचा उठाव. जाड कार्ड कापून अक्षर करा, टेबलावर चिकटवा, वर जरासा ओलसर केलेला जाड कागद ठेवा, १५० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) वरचा चालतो, आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं कडेकडेनं दाबत जा. ह्यात अक्षर उलटं करायला लागत नाही. जॅकार्डचा पुठ्ठा कडक असतो, त्याच्यावर थेट उठाव नीट येत नाही, म्हणून ह्याच कागदाच्या वेगळ्या पट्टीवर उठाव घेऊन ती पुठ्ठ्यावर चिकटवायची, आणि हलक्या हातानं, नाहीतर चिकटवताना दाबून उठावच सपाट.

आणि कशिदा, ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. धारवाडकडची कसुती आपल्याकडं पण कुणाच्या ना कुणाच्या काकूला येतेच. कापडाचे धागे मोजून घालतात, वर ठसा छापून घेत नाहीत, गाठ मारत नाहीत. त्यातला गवंती टाका असा की जाताना एक सोडून एक टाका घालत जायचं आणि येताना मधल्या रिकाम्या जागा भरत यायचं, मग पुढनं-मागनं रेघ सारखीच दिसते. शिरोरेषेला ह्याच्यासारखा टाका नाही. आता गंमत बघा, रेघ दोन्हीकडं सारखी, पण अक्षर मागच्या बाजूला उलटं. म्हणजे एकाच कापडावर एका बाजूनं वाचता येणारी आणि दुसऱ्या बाजूनं तितकीच सुबक पण वाचता न येणारी कविता तयार होते, भिंतीवर न लावता मधोमध टांगायची, लोकांनी फिरून बघायची. आणि येताना मधल्या जागा भरल्याच नाहीत तर? पुढं ज्या जागा रिकाम्या, तिथंच मागं टाका, दोन्ही बाजूला अर्धी अर्धी कविता. ह्याच्यावर कुणीतरी नीट काम करावं, मी वाट बघतोय. गोल वळणं मोजून टाकायला अवघड जातात, 'ळ' आणि 'इ' ला आधी ग्राफ पेपरवर बसवून घ्या.

पायरी ६: चिकटवणं आणि आपला पाऊस

बेळगाव-खानापूरचा पाऊस म्हणजे कागदाचा वैरी. जून ते सप्टेंबर मोठं चिकटकाम काढूच नका असं मी म्हणेन, त्या दिवसांत मांडणी करा, कापाकापी करा. करायचंच असेल तर प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको, पंख्याखाली ठेवा, आणि ओलसर काम प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आठवड्यात बुरशी धरते.

कागदाला कागद लावायला खळ अजूनही बेस्ट. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवायचं. किडीसाठी जुने लोक चिमूटभर मोरचूद घालायचे, विषारी असतंय ते, घालणार असाल तर भांडं-चमचा वेगळा आणि लेबल लावून, नाहीतर सरळ दोन दिवसांत संपेल एवढीच खळ करा. पुठ्ठा, कापड, पान असलं जड सामान असेल तर फेव्हिकॉल, थोडं पाणी घालून, ब्रशनं पातळ. कागद ओला झाला की पसरतो आणि वाळला की आकसतो, त्यामुळं एकाच बाजूला कागद लावलेला बोर्ड पापडासारखा वळतो. उपाय एकच, मागच्या बाजूला पण तेवढ्याच वजनाचा कागद लावायचा, आणि वर बटर पेपर ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर.

वर्तमानपत्राचा कागद वापरणार असाल तर तो पिवळा पडणार हे धरूनच चाला, उन्हात तर महिन्याभरात फरक दिसतो. पिवळं पडणं कवितेत बसत असेल तर उत्तमच, नसेल तर स्कॅन करून चांगल्या कागदावर प्रिंट घ्या.

कंप्युटरवर करणाऱ्यांसाठी

इंकस्केप हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पुरेसं आहे. फॉन्ट युनिकोडच घ्या, मुक्त, बालू असले फुकट मिळतात, मोडीसाठी नोटो सान्स मोडी आहे. डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांचं काय होतं ते सगळ्यांना माहितीच आहे. दोन गोष्टी मात्र बघा. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, अंतर हवं असेल तर शब्दाचा पाथ, म्हणजे रेषांचा आकार, करून घ्या आणि रेघ हातानं जोडा. आणि पाथ करायच्या आधी जोडाक्षरं, वेलांट्या नीट बसल्यात का ते वाचून घ्या, पाथ झाल्यावर ते शब्द राहत नाहीत, नुसते आकार होतात, मग चूक सुधारायची म्हणजे परत पहिल्यापासनं.

पायरी ७: दुसऱ्याला दाखवा, गप्प बसा

कविता न वाचणाऱ्या माणसाला दाखवा. समजावून सांगू नका. त्याची नजर आधी कुठं जाते, मग कुठं, मोठ्यानं वाच म्हटलं तर कुठं थांबतो, एवढं बघायचं. आपल्या उदाहरणात तो तिसऱ्या पुठ्ठ्यापाशी थांबला तर काम झालं. तो म्हणाला की इथलं छापायचं राहिलं काय, तर भोकांचा रिकामा पुठ्ठा मुद्दाम ठेवलाय हे कळत नाहीये, मग वरच्या ओळी अजून गच्च भरा म्हणजे रिकामपण ठळक होईल. विणकरांनाच दाखवलं तर अजून बरं, पुठ्ठे उलटे लावलेत का ते पहिल्या झटक्यात तेच सांगणार.

पायरी ८: फोटो, फ्रेम, पट्टी

फोटो ढगाळ दिवशी, खिडकीपाशी, फ्लॅश बंद. उठावाचं काम असेल तर उजेड एका बाजूनंच पडू द्या. सपाट कामाला ३०० डीपीआय स्कॅन, आणि दिवाळी अंकाला पाठवणार असाल तर ब्लॅक अँड व्हाईट करून आधी स्वतः बघा, आतली पानं बऱ्याचदा एकरंगीच छापतात आणि तुमचा जांभ्याचा तांबडा तिथं नुसता करडा होतो. बिनशाईचा उठाव छापील अंकात येतच नाही, तसलं काम प्रत्यक्ष दाखवायलाच ठेवा. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाचं के. बी. कुलकर्णी कलादालन आहे, तिथली प्रदर्शनं बघून या, भिंतीची उंची, लाईट, पट्टी कुठं लावतात ते कळतं. गावच्या संमेलनात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल मागितलं तर आयोजक सहसा नाही म्हणत नाहीत.

फ्रेम करताना काच आणि कामाच्या मधे माउंटची, म्हणजे कडेच्या जाड कागदी चौकटीची, जागा सोडायला सांगा, काच टेकली की पावसाळ्यात टोनर आणि रंग काचेला चिकटतात, आणि फ्रेमवाला स्वतःहून विचारत नाही. पट्टीवर शीर्षक, नाव, साल, माप सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी, आणि माध्यम. माध्यमात नुसतं 'मिश्र माध्यम' लिहून मोकळे होऊ नका. 'जॅकार्डचे पुठ्ठे, टोनर, उठावाचा कागद, खळ' असं पूर्ण लिहा. पुठ्ठे ज्यांनी दिले त्यांना नाव चालणार असेल तर तेही खाली घाला, आणि प्रदर्शनाला त्यांना घरी जाऊन बोलवा, फोनवर नको.